पोरांच्या मापाचा मनोरा

तांबडमाळ नावाच्या गावात एक चिंच होती. राजे रणदेव याच गावात राहत, म्हणून लोक तांबडमाळला राजधानी म्हणत. पण गाव ते गावच. चिंच मात्र खरोखर राजेशाही होती. तिच्या अंगाखांद्यावर गावाच्या चार पिढ्या चढायला शिकल्या. खुद्द रणदेवही लहानपणी तिच्यावरून एकदा चांगलेच आपटले होते. अशी ही चिंच एका दुपारी, वारा नाही वादळ नाही, कुणाला न सांगता आडवी झाली. आतून पोखरली होती बिचारी.

दुसऱ्या दिवसापासून गावाचं सुख गेलं. पोरांना चढायला काहीतरी लागतंच. चिंच नाही म्हटल्यावर त्यांनी गावच चढायला घेतलं. धान्याचं कोठार झालं, चावडीचं छप्पर झालं, गुरवाच्या घराची कौलं झाली. दिवाणजी एकदा भरल्या ताटावर बसले होते, तर कौल सरकलं आणि भाताच्या वर वीतभर अंतरावर एक मळका पाय लोंबकळू लागला. दिवाणजींनी पाय ओळखला नाही, पण जेवण सोडलं. चार दिवसांनी कोठारावरून पडून एका पोराचा हात मोडला, तेव्हा लोक तक्रार घेऊन राजाकडे गेले.

कुणी म्हणालं पोरांना कोंडा, कुणी म्हणालं चोपा. राजांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं.

"पोरं चढायची थांबणार नाहीत," ते म्हणाले. "तेव्हा चढायला काय द्यायचं, एवढंच आपल्या हातात आहे."

मग दवंडी पिटली. चिंचेच्या जागी पोरांना चढण्यासाठी लाकडी मनोरा उभा राहणार. ज्याला बांधायचा असेल त्यानं हातभर उंचीचा नमुना करून दरबारात आणावा. गुढीपाडव्याला मनोरा खुला होईल आणि तो बघायला शेजारच्या राज्यांतले राजेही येतील.

ती दवंडी ऐकताना सिदोजी सुताराच्या हातातला रंधा थांबला.

सिदोजी आयुष्यभर मचाणं बांधत आला होता. पिकावर पाखरं आली, रानडुकरं आली, की शेतात राखणीला जे उंच मचाण लागतं, ते बांधावं तर सिदोजीनंच. त्याचा बाप येसाजीही हेच करायचा. पण मचाणाचं नशीब असं, की सुगी झाली की ते मोडायचं आणि त्याची लाकडं चुलीत जायची. येसाजीनं आयुष्यात शेकडो मचाणं बांधली, आणि तो गेला तेव्हा त्याच्या हातचं बोटभर लाकूडही गावात कुठं उभं नव्हतं. मागं राहिला होता फक्त त्याचा सागवानी गज. सिदोजी प्रत्येक माप त्याच गजानं घ्यायचा. आपल्या हातचं काहीतरी कायमचं उभं राहावं आणि त्यावर बापाचं नाव असावं, ही एकच इच्छा त्यानं मनात जपली होती. बायकोलासुद्धा ती कधी नीट सांगितली नव्हती.

तांबडमाळच्या सुतारांची एक रीत होती. मचाण बांधून झालं की मालकानं सगळं घरदार घेऊन वर चढायचं, आणि ज्यानं बांधलं त्या सुतारानं बरोबर खाली मांडी घालून बसायचं. वर माणसं नाचली तरी चालतील, सुतारानं हलायचं नाही. खाली बसायला जो कचरेल त्याला दुसऱ्या दिवसापासून कुणी काम देत नसे. सिदोजी तीस वर्षं असा खाली बसत आला होता, आणि त्याच्या डोक्यावर कधी साधं करकरलंही नव्हतं. त्याचा त्याला अभिमान होता, थोडी घमेंडही होती म्हणा ना.

दरबारात तीन नमुने आले. परगावच्या एका कारागिराचा मनोरा म्हणजे छोटा राजवाडाच होता. सज्जे, नक्षी, कोपऱ्याकोपऱ्यावर रंगवलेले पोपट. तालमीच्या वस्तादानं एक गुळगुळीत खांब आणला होता, ज्याच्या टोकाला पोचायला पोराला आधी दोन वर्षं दंड काढावे लागले असते. आणि सिदोजीचा मनोरा होता चार खांबांचा, चार माळ्यांचा, सरळ शिडीचा, देखणा.

तिन्ही नमुने गालिच्यावर ठेवले. दरबारी मंडळी भोवती वाकून उभी राहिली. दिवाणजींनी दोन बोटांचे दोन पाय केले आणि सिदोजीच्या शिडीवरून टुणटुण वर चढवले. बोटं वर पोचली तशी दिवाणजींना गंमत वाटली. मग सेनापतींनी आपली बोटं चढवली, खजिनदारांनी चढवली. एवढी मोठमोठी माणसं अर्धा तास बोटांनी खेळत होती. त्या दरबारात मूल म्हणावं असं एकच होतं, पाच वर्षांचे बाळराजे. पण ते खिदमतगाराच्या कडेवर होते. नवसासायासानं झालेला मुलगा, म्हणून राजे त्याचा पाय जमिनीला लागू देत नसत. बाळराजांनी नमुन्याकडे हात पुढे केला, तसं खिदमतगारानं त्यांना अलगद मागे घेतलं.

"हाच," राजे म्हणाले आणि सिदोजीच्या नमुन्यावर हात ठेवला. "सिदोजी, पाडव्याच्या आत बांधून दे. मनोऱ्याच्या दाराच्या चौकटीवर तुझं नाव कोरू. बापाचं नाव काय?"

"येसाजी," सिदोजी म्हणाला. त्यानं वाकून मुजरा केला.

त्यानं जीव ओतून काम केलं. राजांच्या रानातलं लाकूड आलं. बापाच्या गजानं सिदोजीनं खांब मापले, माळे मापले, शिडीच्या पायऱ्या मापल्या. पाडव्याला सतरा दिवस राहिले असताना मनोरा तयार झाला. उन्हात तो असा दिसायचा की वाटसरू बैलगाडी थांबवून बघत बसायचे.

रीतीप्रमाणे राजे पारखायला आले. राजे चढले, सेनापती चढले, खजिनदार चढले. दिवाणजींना चढवायला दोघांना लागावं लागलं, पण तेही चढले. एकवीस धडधाकट माणसं वर आणि खाली सिदोजी, मांडी घालून, डोळे मिटून. दिवाणजींनी मुद्दाम दोनदा पाय आपटले. मनोरा हूं की चूं बोलला नाही. राजांनी खाली उतरून आपल्या हातानं सिदोजीला जरीचा फेटा बांधला. सिदोजी घरी गेला तो फेट्याला हात न लावता, कारण तो सुटला तर तसा पुन्हा बांधता येणार नाही असं त्याला वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, लाकडाला तेलाचा हात द्यावा म्हणून तो मनोऱ्याकडे गेला, तर वरून रडल्यासारखं काहीतरी ऐकू आलं.

कुंभाराची सात वर्षांची सगुणी दुसऱ्या माळ्याच्या कडेला पोटावर पडली होती. दोन्ही हातांनी खांब धरलेला आणि पाय खाली लोंबत चाचपडताहेत. सिदोजी भराभर चढला आणि तिला काखेत घेऊन खाली आला. जमिनीवर टेकल्यावर पोरीनं आधी नाक पुसलं, मग तोंड उघडलं.

"चढताना लोंबकळत चढले. उतरताना पाय पोचंना."

"कशापायी चढलीस कुणाला न विचारता?"

सगुणीचं तिकडे लक्ष नव्हतं. ती मनोऱ्याकडे वर बघत होती.

"आज्जा, ह्यो मनोरा दिवाणजींसाठी बांधलाय का?"

सिदोजीला एकदम हसू आलं, आणि तसंच ते ओसरलं. त्यानं गज आधी शिडीला आणि मग सगुणीला लावून बघितला. दोन पायऱ्यांमधलं अंतर पोरीच्या कमरेच्या वर जात होतं. शिडीची दांडी तिच्या मुठीत मावत नव्हती. कठड्याच्या फटी अशा की चिमुरड्याचं अंग पलीकडे जावं आणि डोकं आत अडकावं. तीस वर्षं त्यानं राखणदारांसाठी शिड्या केल्या होत्या. हीही त्यानं राखणदाराचीच केली होती. मनोरा पोरांचा, आणि पारखायला वर चढली ती एकवीस थोराड माणसं. खाली बसून तो लाकडाची परीक्षा देत होता. चढणाऱ्याची परीक्षा कुणी घेतलीच नव्हती.

घरी येऊन तो ओट्यावर बसून राहिला. बायको ठकूबाईनं भाकरी वाढली, ती तशीच राहिली. शेवटी त्यानं तिला सगळं सांगितलं.

"कुणाला ठाव हाय?" ठकूबाईनं विचारलं.

"तुला, मला अन् त्या पोरीला."

"पाडव्याला समद्या गावाला ठाव हुईल," ठकूबाई म्हणाली. "तवा कुणाचं पोर लटकलेलं असंल, त्ये मातुर आज ठाव न्हाय." आणि ती भाकरी झाकून ठेवायला आत गेली.

खरं सांगायचं तर सिदोजीच्या मनात नको ते विचार आलेच. मनोरा पक्का आहे. राजांनी पसंत केलाय. पोरं चिंचेवरून पडत नव्हती का? एखादं रडलं तर आई खाली उतरवून घेईल. चौकटीवर एकदा नाव कोरलं गेलं की मग पुढच्या वर्षी हळूच पायऱ्या बदलता येतील. असे पुष्कळ विचार आले, आणि प्रत्येक विचार दिसायला शहाणा होता. पण डोळे मिटले की त्याला ते दोन लहान पाय दिसत, पायरी शोधणारे. संध्याकाळच्या आत तो उठला, फेटा घडी करून काखेत घेतला आणि वाड्यावर गेला.

"महाराज, मनोरा चुकला," तो म्हणाला आणि फेटा राजांच्या पायाशी ठेवला. "मजबूत हाय, पर पोरांचा न्हाय. मला मोडून पुन्यांदा बांधाया पाहिजे."

दरबारात कुजबूज झाली. मग दिवाणजी पुढे सरसावले. पाच राज्यांना निमंत्रणं त्यांच्याच सहीनं गेली होती.

"मोडायचं कशाला?" ते म्हणाले. "प्रत्येक माळ्यावर दोन शिपाई उभे करू. पोरांना उचलून वर ठेवतील, उचलून खाली ठेवतील. प्रश्न मिटला."

"दिवाणजी," सिदोजी म्हणाला, "उचलून वर ठिवलेलं पोर खाली बघून रडतंय. सोताच्या पायानं चढलेलं पोर खाली बघून हाका मारतंय. तुमी चिंचेवर चढला असाल तर तुमाला आठवंल."

दिवाणजी चिंचेवर कधी चढले नव्हते. ते मागे सरले.

राजे मात्र रागावले होते. आपण निवडलेला, आपण पारखलेला, आपण फेटा बांधलेला मनोरा आता चुकला म्हणायचं, हे कुठल्या राजाला गोड लागेल? त्यांनी पायाशी ठेवलेला फेटा उचलून बाजूला ठेवला.

"पंधरा दिवस आहेत," शेवटी ते म्हणाले. "मोड. पण पाडव्याला पाहुण्यांसमोर मनोरा उभा नसला, किंवा असून एकही पोर चढलं नाही, तर चौकटीवर नाव नाही आणि माझ्या रानातलं एक लाकूडही तुला यापुढे मिळणार नाही."

राजांच्या रानाशिवाय त्या मुलखात सरळ लाकूड नव्हतं. लाकूड नाही म्हणजे सुतारकी संपली. सिदोजीला हे चांगलं कळत होतं. त्यानं मुजरा केला आणि तो थेट मनोऱ्यापाशी गेला. स्वतःच्या हातानं ठोकलेली पहिली पाचर स्वतःच्या हातानं उपटताना त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. चार खांब तेवढे त्यानं ठेवले. बाकी सगळं उतरवलं.

गावाला आयतीच करमणूक मिळाली. परगावचा पोपटवाला कारागीर अजून धर्मशाळेत मुक्काम ठोकून होता, तो रोज येऊन एक दगड शोधून त्यावर बसायचा आणि मान हलवायचा. पण पुढचे तीन दिवस सिदोजीनं जे केलं ते बघून पोपटवाल्याचीही मान हलायची थांबली. म्हाताऱ्यानं बापाचा गज घरात खुंटीला टांगला आणि गावातली यच्चयावत पोरं गोळा करून तो म्हणाला, "चला, चढा."

"कशावर?" पोरांनी विचारलं.

"जिथं रोज चढता तिथं. मी कुणाला सांगत न्हाय."

पोरांचा आधी विश्वास बसेना. मग बसला. कोठार, चावडी, गुरवाचं घर, सगळीकडे पोरं वर आणि सिदोजी खाली, मान वर करून त्यांच्यामागं हिंडतोय. गुरवानं काठी घेऊन बाहेर यावं, तर सिदोजीनं त्यालाच गप्प करावं. "वरडू नगंस, बघू दे." त्यानं पाहिलं की पोरं एका वाटेनं चढतात आणि दुसऱ्याच वाटेनं उतरतात. समोरासमोर आली की हटकून मारामारी होते. मधेच कुठंतरी टेकायला जागा लागते, नाहीतर घाबरलेलं पोर घाबरलेलंच राहतं. सगळ्यांत धाकटी तर छपरावर जातच नव्हती. ती गोठ्यातल्या दगडावर चढून स्वतःला उंच समजत होती, आणि तिचा आनंद छपरावरच्यांपेक्षा तसूभरही कमी नव्हता. आणि एक भित्रा पोरगा होता. तो दर वेळी अर्ध्यातून परत यायचा आणि सगळे हसायचे. सिदोजीनं बघितलं, की अर्ध्यातून परत यायला आडोशाची वाट असली तर तो पुन्हा पुन्हा चढतो.

मग त्यानं पोरांना आपल्या पडवीच्या भिंतीशी उभं केलं. हात वर करायला लावून बोटं पोचतील तिथं गेरूनं खुणा केल्या. गुडघा किती वर येतो, मूठ किती वळते, सगळं त्या भिंतीवर उतरलं. ठकूबाईनं दिवाळीला सारवलेली भिंत तांबडी झाली, पण ती रागावली नाही. उलट धाकट्यांना धरून उभं करायला लागली. सगुणीच्या बापानं चाकावर एक मडकं काढून दिलं, बरोबर चिमुरड्याच्या डोक्याएवढं. मनोऱ्यात जिथं जिथं फट येईल तिथं सिदोजी ते मडकं लावून बघणार होता. फट एकतर अशी मोठी हवी की मडकं आरपार जावं, नाहीतर अशी बारीक की पोराचं अंगही शिरू नये. मधली फट नको.

आणि या सगळ्यांतून त्याला एक युक्ती सुचली. पहिल्या माळ्याच्या पायऱ्या त्यानं सगळ्यांत धाकट्या पोराच्या गुडघ्याला जुळतील अशा जवळजवळ घेतल्या. दुसऱ्या माळ्याच्या थोड्या लांब. तिसऱ्याच्या आणखी लांब. ज्याचे पाय जिथवर पोचतील, तिथवर तो जाईल. त्याच्या पुढं त्याला मनोराच जाऊ देणार नाही. आणि जो जिथवर स्वतः चढला, त्याला तिथून स्वतः उतरताही येईल. यासाठी ना शिपाई लागणार होता, ना ओरडणारा गुरव.

काम आता एकट्याचं राहिलं नव्हतं. काथ्याची दोरी वळणारे आले आणि त्यांनी एका बाजूला चढायची जाळी विणली, तिचीही घरं वर वर मोठी होत गेलेली. दुसऱ्या बाजूला आडव्या पडलेल्या चिंचेचाच एक बाक आलेला ओंडका खाचा पाडून तिरका लावला. आडोशाची उतरायची वाट झाली. बायकांनी नदीची वाळू पाट्यांनी आणून खाली गुडघाभर अंथरली. पोपटवाला एके दिवशी दगडावरून उठला, हातात वाळूची चिंधी घेतली आणि दांड्या घासायला बसला. कुणी त्याला काही विचारलं नाही. पाडव्याच्या आदल्या दिवशी शेवटची पाचर बसली.

पाडव्याला माळावर मुंगीला शिरायला जागा नव्हती. पाच राजे आले होते. छत्र्या, पालख्या, सनई, सगळा थाट. मनोरा मात्र साधा होता. तो पहिल्याइतका देखणा नव्हता. तिरका, जाळीचा, जरा वेंधळाच दिसत होता. पाहुण्यांनी एकमेकांकडे बघितलं. दिवाणजींनी कपाळाचा घाम पुसला.

सिदोजी रीतीप्रमाणे खाली वाळूत मांडी घालून बसला. आज त्याचे डोळे मिटत नव्हते.

राजांनी हात वर केला. सनई थांबली. पण एकही पोर पुढे येईना. एवढ्या पालख्या, एवढ्या मिशा, आणि सगळे डोळे आपल्यावर, म्हटल्यावर कोठारावर बिनदिक्कत चढणारी पोरं आयांच्या पदराला चिकटली. सगुणीसुद्धा बापाच्या मागं लपली. क्षण गेला, दोन गेले. पाहुण्यांतला एकजण खाकरला. राजांचा चेहरा उतरत चालला होता. आणि सिदोजीला तेव्हा एकच दिसत होतं, कोरा राहिलेला चौकटीचा वासा आणि लाकडाविना रिकामी पडलेली आपली पडवी.

लाज राखावी म्हणून दिवाणजींनी खिदमतगाराला खूण केली. बाळराजांना वर नेऊन ठेव, म्हणजे बाकीची धावतील. खिदमतगार कडेवर बाळराजे घेऊन पुढे आला. त्यानं शिडीवर पाय ठेवला, तर पाऊल दोन पायऱ्यांच्या मधे मावेना. त्यानं मनोऱ्याच्या पोरांपुरत्या दारातून आत शिरायला बघितलं, तर खांदे अडकले. पोरांत खसखस पिकली. त्या खटाटोपात बाळराजे कडेवरून घसरले आणि आयुष्यात पहिल्यांदा अनवाणी वाळूत उभे राहिले.

त्यांनी खाली आपल्या पायांकडे पाहिलं. मग शिडीकडे पाहिलं. आणि पहिली दांडी धरली. ती बरोबर त्यांच्या मुठीत मावली.

"धरा त्यांना," राजे उठून उभे राहिले. दोन शिपाई धावले.

"हात लावू नगा, महाराज."

आवाज मनोऱ्याखालून आला होता. सुतारानं राजाला हुकूम सोडला होता, तोही पाच राजांसमोर. शिपाई जागच्या जागी थबकले. सिदोजी मांडी मोडून उठला नव्हता.

"त्येंच्या मापाचं हाय. त्येंचं त्येंना करू द्या."

राजांनी हातानं शिपायांना मागे सारलं. त्यांनी बसण्यासाठी मागे हात नेला, पण ते बसले नाहीत. तसेच उभे राहिले.

बाळराजे दोन पायऱ्या चढले. तीन. चौथीवर त्यांचा एक पाय सुटला आणि हवेत फिरला. गर्दीतल्या आया पुढे सरकल्या. पाय फिरला, चाचपडला आणि पायरीवर टेकला, कारण पायरी जिथं पाय शोधत होता तिथंच होती. पुढच्या पायऱ्या ते भराभर चढले, पहिल्या माळ्यावर पोचले आणि कठडा धरून उभे राहिले. दुसऱ्या माळ्याकडे त्यांनी बघितलं, पाय उचलून बघितला, तो पोचला नाही, आणि त्यांनी तो विषय सोडून दिला. त्यांना तेवढी उंची पुरेशी होती. ज्या पोराचा आवाज दरबारात कधी कुणी धड ऐकला नव्हता, त्यानं माळभर ऐकू जाईल अशी हाक मारली.

"आबासाहेब, बघा. मी आलो."

आणि मग कुणी सांगायच्या आत ते आडोशाच्या वाटेनं एकटे उतरले, वाळूत धपकन बसले, उठले, आणि पुन्हा चढायला लागले.

त्यानंतर जे झालं ते आवरणं पाच राजांच्या फौजांनाही जमलं नसतं. आयांचे पदर सुटले. सगुणी जाळीवरून सरसर वर गेली ती थेट चौथ्या माळ्यावर. गोठ्यातल्या दगडावर चढणारी चिमुरडी पहिल्या पायरीवर बसली आणि तिथून तिनं सगळ्या जगाकडे पाहिलं. अर्ध्यातून परतणारा भित्रा पोरगा आडोशानं दोनदा उतरला आणि तिसऱ्यांदा तिसऱ्या माळ्यावर दिसला. शंभरावर पोरं त्या मनोऱ्यावर होती. कुणी चढत होतं, कुणी उतरत होतं, आणि वाटा वेगळ्या असल्यामुळे कुणाचं कुणाशी भांडण होत नव्हतं. त्यांच्या पायांची वाळू सिदोजीच्या डोक्यावर पडत होती. तो खाली बसून रडत होता आणि हसत होता, आणि त्याला त्याची जराही लाज वाटत नव्हती.

राजे रणदेव मनोऱ्यापाशी आले. त्यांनाही चढायचं होतं हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण शिडी त्यांची नव्हती. ते वाकून मनोऱ्याखाली शिरले, सिदोजीशेजारी वाळूत बसले आणि जरीचा फेटा त्याच्या डोक्यावर पुन्हा बांधला.

"मी निवडलेला मनोरा चुकीचा होता," ते म्हणाले. "आणि तू तो मोडलास म्हणून आज माझा मुलगा चढला."

त्याच दिवशी चौकटीच्या वाशावर सिदोजी आणि येसाजी ही दोन नावं कोरली गेली. पोरं त्या अक्षरांच्या खाचांतही पायाची बोटं रोवून चढू लागली, आणि सिदोजीनं त्यांना अडवलं नाही.

पाहुण्यांना मनोरा फारच आवडला. पाचांपैकी सगळ्यांत मोठ्या राज्याचे राजे सिदोजीला बाजूला घेऊन म्हणाले, "आमच्या राजधानीतही असाच मनोरा हवा. अगदी हाच. उद्याच निघ."

सिदोजीनं दोन्ही हात जोडले.

"येतो, महाराज. पर ह्योच न्हाय. आधी तुमच्या गावची पोरं दाखवा."

तात्पर्य: ज्याच्यासाठी काम करायचं, माप त्याचंच घ्यावं, आणि आपली चूक जगाआधी आपल्याला दिसली, तर तेव्हाच ती मोडून नव्यानं बांधणारा माणूसच खरा कसबी.